जुन्या किल्लारीचा पत्ता

लातूर,
१५ सप्टेंबर २०२५

चि. दामिनीस मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी हिशेब सांगतो. मागच्या खोलीतली पेटी मला फुकटात पडली असं लोक सांगतात. खोटं नाही. एका डाळमिलने भंगारात काढलेला कम्प्युटर मी उचलून आणला. पण त्याची किंमत काय मोजली ते कुणी विचारत नाही. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा चालता धंदा गेला, कारण गिऱ्हाईक दारात उभं आणि मी पुस्तकात डोकं घालून प्रोग्रॅम लिहायला शिकतोय. डाव्या डोळ्याची नजर गेली. तुझ्या मामीच्या माहेरच्या दिवाळ्या गेल्या. आणि शिवकुमारच्या लग्नात, पोटच्या पोराच्या लग्नात, पंगत बसली तेव्हा मी मांडवामागे उभा राहून धर्माबादच्या एका रक्तदात्याला फोनवर समजावत होतो की बाबा, पाळी तुझी आहे, तुझ्या भावाची नाही. परत येईपर्यंत जिलेबी संपली होती.

बदल्यात मिळालं ते तुला माहीत आहे. ज्या लेकरांच्या अंगात रक्त टिकत नाही, ज्यांना तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त भरावं लागतं, अशी लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांतली लेकरं या पेटीवर आहेत. कुणाची पाळी कधी, त्याला दाता कोण, हे ती ठरवते. आईबापाला आणि दात्याला मेसेज तीच पाठवते. बारा वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही, दामिनी. एकदाही नाही. बँकांचे सर्व्हर बसले, तहसीलचे बसले. येळवसला सगळं लातूर रानात जेवायला जातं, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हाही घरात ही एकटी जागी असते. आणि कुणाच्या पाया पडून केलेली नाही. सगळं स्वतःच्या हातचं. खोलीत पाऊल टाकलं की पंख्याच्या आवाजावरून मी तिची तब्येत सांगतो. रेडिओवाल्याचे कान आहेत.

आता काम. रक्तपेढीच्या ट्रस्टवर नव्या सेक्रेटरी आल्यात, स्वप्नालीताई. त्या म्हणतात, पेटी कुणा जाणकाराकडून तपासून तसं लिहून घ्या. म्हटलं, जाणकार घरात आहे. भाची पुण्याच्या कंपनीचं काम नांदेडात बसून करते. काय काम, तर मला 'डेव्हऑप्स' एवढंच सांगता आलं. त्यावर शेजारचे शिवप्पा म्हणाले, "म्हंजी आफिसात जायाचं न्हाई, पगार मात्र घ्यायचा. चांगलं हाय."

रस्ते पाण्याखालून निघाले की एखाद्या रविवारी ये, बघ, आणि 'ठीक आहे' अशा दोन ओळी लिहून दे. लिहूनच दे. फोनवर मी तुला बोलू देत नाही असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. अक्का लहानपणापासून खरंच बोलते.

तुझा,
राजशेखरमामा

*

नांदेड,
२९ सप्टेंबर

ती. मामांस शरणु शरणार्थ.

काल येऊन गेले. आज दोन ओळी लिहायला बसले, त्या लिहिता येईनात, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी चांगलं सांगते. कोणत्या लेकराला कोणता दाता, हे ठरवणारा तुमचा भाग मी परत परत वाचला. इतकं नीट लिहिलेलं आमच्याकडेही रोज दिसत नाही. हे तोंडदेखलं नाही.

पण 'सगळं स्वतःच्या हातचं' हे बरोबर नाही मामा. मेसेज पाठवायला, तारखा मोजायला, मराठी नावं छापायला तुम्ही त्या वेळी इंटरनेटवरून तयार तुकडे घेतलेत. सगळेच घेतात, मीही घेते. ते कुठल्या कुठल्या माणसांनी लिहून फुकट ठेवलेले असतात, आणि त्यांच्याखाली आणखी दुसऱ्यांचे तुकडे असतात. ती माणसं पुढं बदल करत गेली, काहींनी नाद सोडला. तुमच्याकडे मात्र अजून ते पहिल्या दिवशीचेच आहेत. त्यातला एक बदलायचा म्हटलं तर त्याच्याखालचे सगळे बदलावे लागतील, इतकं अंतर पडलंय.

तुम्ही म्हणाल, माझ्या पेटीत काही बिघडलं का? नाही. ती होती तशीच आहे, आणि अडचण तीच आहे. भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी बसली. त्यानंतरही लांबचे पाहुणे जुन्या गावाच्या पत्त्यावर पत्रं टाकत राहिले, असं तुम्हीच सांगायचात. अक्षर स्वच्छ, तिकीट लावलेलं, पत्त्यात एक चूक नाही. गाव तेवढं हललेलं. पेटीतले पत्ते तसे झालेत. पोस्टमन जुना, ओळखीचा, म्हणून पत्रं पोचतायत. मेसेज पाठवणारी कंपनी एक दिवस पोस्टमन बदलणार आहे.

आणि त्या दिवशी तुम्हाला कळणारही नाही. पेटी मेसेज कंपनीच्या दारात टाकते आणि पडद्यावर लगेच हिरव्या अक्षरात 'पाठवला' लिहिते. दार उघडलं का, आतून कुणी 'घेतला' म्हणालं का, हे ती ऐकतच नाही.

आमचं काम काय, हे शिवप्पाकाकांना असं सांगा. आमच्यात लिहिणारे आणि चालवणारे एकाच पंगतीला बसतात. लिहून दिलं आणि हात झटकले, असं चालत नाही. रोज थोडं थोडं बदलायचं, आधी दुसऱ्या मशीनवर करून बघायचं, आणि एकाच्याच डोक्यात काही ठेवायचं नाही. अधूनमधून चांगली चाललेली वस्तू मुद्दाम बंद करून परत उठते का बघायची. तुम्हीही एकदा पेटी बंद करून चालू करा. ती उठेल. माझा शब्द.

'ठीक आहे' लिहीत नाही, रागावू नका.

आजीशी खूप वेळ बोलले. ती काय म्हणाली ते तिच्या-माझ्यात.

तुमची,
दामिनी

*

लातूर,
४ ऑक्टोबर

चि. दामिनीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी तुमच्यावर गेलीय, तोंडावर सांगते. मला आनंद व्हावा की नाही ते ठरत नाही.

खंडेनवमीला पेटीची पूजा केली. हळदीकुंकू, झेंडूचं फूल. आईने नेहमीप्रमाणे वरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. अशा वेळी तू मला सांगतेस की हिला बंद करून बघा. बाई, चालत्या बैलाला कुणी पराणी टोचतं का? तुमच्या कंपनीत रोज काहीतरी बदलावं लागतं याचा माझ्या भाषेत अर्थ एवढाच, की माल कच्चा आहे. ज्या रेडिओवाल्याकडे रोज तेच गिऱ्हाईक येतं, तो चांगला कारागीर नव्हे.

आणि 'ती उठेल, माझा शब्द' हे तू कशाच्या जोरावर लिहिलंस? पेटी माझी. मला खात्री नाही, तुला कुठून आली? शिकलेल्या माणसाची हीच खोड. दोन तास बघून शब्द देऊन मोकळे.

खरं सांगू का, मला भीती वाटते. ती का वाटते हे तुला माहीत असायला पाहिजे, म्हणून लिहितो. भूकंपाच्या सकाळी अप्पांना, तुझ्या आजोबांना, मी आणि चुलत्यांनी दगडाखालून काढलं. मांडी पार चिरडलेली, पण बोलत होते. लातुरात आणलं. तिथं रक्त द्यायला माणसांची रांग होती, ही रांग, रस्त्यापर्यंत. रक्त होतं दामिनी. बाटल्या होत्या. पण अप्पांच्या गटाची बाटली त्या घडीला कुठल्या खोलीत आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. ती सापडली तेव्हा घेणारा राहिला नव्हता. पुढं महिन्याभराने त्याच दवाखान्यात रक्ताचा थेंब नव्हता आणि रांगेतलं माणूसही नव्हतं. तेव्हापासून मनात होतं, की कुणाकडे आहे आणि कुणाला पाहिजे एवढं जरी एका ठिकाणी असतं तर. पेटी म्हणजे मला ती रांग आहे. ती मी माझ्या हाताने मोडू?

आईने तुला काय सांगितलं त्याचा अंदाज आहे. माझ्या साखरेबद्दल. पेढे मी खातो, पण दोनच.

मामा

*

नांदेड,
९ ऑक्टोबर

ती. मामांस,

अप्पांचं एवढं सविस्तर तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. आईही सांगत नाही. पत्र जपून ठेवलंय.

बंद करू नका. काही बदलू नका. फक्त एक करू द्या. पेटीने मेसेज दिल्यावर कंपनीचं उत्तर ऐकायचं, आणि उत्तर आलं नाही तर तुमच्या आणि माझ्या फोनवर घंटी वाजवायची. जुन्या कुठल्याच भागाला हात लागणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, या रविवारी येते. तुम्ही शेजारी बसा, एकेक ओळ तुम्हाला दाखवून टाकते.

कान तुमचे चांगले आहेत मामा. पेटीला कान नाहीत. एवढंच द्यायचंय तिला.

दामिनी

ता. क. साखरेचं आजी बोलली नव्हती. आता मला कळलं.

*

लातूर,
१३ ऑक्टोबर

चि. दामिनी,

शनिवारी फोनवर 'उद्या येऊ नको' एवढंच म्हटलं, त्याचं कारण लिहितो. दिवाळी तोंडावर आहे, पाहुणे येणार, आणि सणाच्या तोंडावर पेटीला हात लावलेला मला चालणार नाही. दिवाळीत दाते गावोगाव पांगतात, तेव्हाच तिचं खरं काम असतं.

दिवाळी झाली की बघू. भाऊबीजेला अक्काला घेऊन ये.

मामा

*

नांदेड,
३० ऑक्टोबर

ती. मामांस,

कालपासून तुम्ही फोन उचलत नाही. मामी म्हणते, मागच्या खोलीत बसून आहात आणि जेवला नाहीत. तुम्हाला अर्धवट कळलंय, आणि अर्धवट कळलेलं जास्त छळतं. म्हणून मी डोळ्याने पाहिलं ते लिहिते.

भोकरच्या बजरंगरावांची ऋतुजा इथं दवाखान्यात आहे. आठ वर्षांची, जीपवाल्यांची. तुम्ही तिला ओळखता. पाळी दिवाळीच्या आधी होती. मेसेज तिच्या घरी गेला नाही, दात्यालाही गेला नाही. रक्तपेढीत पडद्यावर 'पाठवला' दिसत होतं. दाता आला नाही तेव्हा तिथल्या मुलींना वाटलं, दिवाळीला गावी गेला असेल. घरच्यांना वाटलं, सणामुळे तारीख पुढे ढकलली असेल. सगळ्यांचं वाटणं बरोबर बसत होतं, म्हणून कुणीच विचारलं नाही.

परवा ती अंगणात पडली. बजरंगराव स्वतःच्याच जीपमधून घेऊन आले. रक्त इतकं खाली गेलं होतं की डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय. लगेच भरता येईना, थेंब थेंब द्यावं लागलं. आज ती डोळे उघडून बघते, पाणी मागते. धोका टळलाय असं आज सकाळी सांगितलं. पुढचं हृदयाचं नंतर कळेल.

मी बाहेर बजरंगरावांजवळ बसले होते. मी कोण हे सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. तर म्हणाले, "ताई, चहा घेता का?" चहा आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पोरगी सुकून राहिली हे दिसत व्हतं मला. बायको म्हणली, चला की घिऊन. मीच म्हणलं, थांब. मामाची पेटी चुकत न्हाई. मेसेज येईल."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

गेल्या पंधरवड्यातले बाकीचे तारीख लक्षात ठेवून आपणहून आले होते, पण आणखी चौघांच्या पाळ्या अशाच टळल्या होत्या. त्यांना काल फोन करून बोलावून घेतलं, सगळी लेकरं ठीक आहेत. तुमची परवानगी न घेता मी रक्तपेढीतल्या मुलींना हाताने फोन करायला बसवलंय. स्वप्नालीताईही स्वतः फोन करतायत. मीही माझं रक्त दिलं, गट जुळत नव्हता, बदल्यात दिलं.

मेसेजच्या कंपनीने १४ तारखेपासून जुन्या पद्धतीचे मेसेज घेणं बंद केलं. तसं आधी कळवलं होतं म्हणतात.

जेवून घ्या.

दामिनी

*

लातूर,
६ नोव्हेंबर

चि. दामिनी,

कळवलं होतं. माझ्या मेलमध्ये कंपनीची तीन पत्रं आहेत. पहिलं जुलैतलं. मी मेल उघडत नाही, जाहिरातीच येतात म्हणून. तिन्ही आज वाचली. साध्या भाषेत लिहिलेली आहेत.

१४ तारीख. तुला 'नको' लिहिलेलं पत्र मी १३ ला पोस्टात टाकलं. तू रविवारी, १२ ला येणार होतीस.

मंगळवारी भोकरला जाऊन आलो. मुलीला घरी सोडलंय. वाटेत ठरवलं होतं की बजरंगच्या पाया पडायचं. वयाने तो माझ्या पोरासारखा, पण पडायचं. त्याने ते ओळखलं. मी वाकायच्या आधी माझे दोन्ही दंड धरून मला खाटेवर बसवलं आणि म्हणाला, "मामा, न्हाई. तुमच्यापायीच आठ वर्सं जगली की ती." मला तो मारता तर बरं झालं असतं.

ऋतुजा भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "आजोबा, मेसेजमधी माझं नाव असतंय. 'ऋतुजाची पाळी' म्हणून. मी वाचती आधी, मग पप्पाला देती. ह्या टायमाला मी रोज फोन बघितला."

निघताना ती दारापर्यंत आली. तीन पायऱ्या आहेत त्यांच्या घराला. दुसऱ्या पायरीवर थांबली, दम घेतला, मग उतरली. बजरंग तिकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

घरी येऊन मागच्या खोलीत गेलो. पंखा एका सुरात चालू होता. त्या पंधरवड्यात मी रोज त्या खोलीत जात होतो दामिनी, रोज कान देऊन ऐकत होतो, आणि रोज तो असाच चालू होता.

तुला पाहिजे ते कर. बंद कर, मोड, नवीन आण. पासवर्ड म्हणजे अप्पांचं इंग्रजीतलं नाव, शिवमूर्ती, आणि पुढे १९९३.

मामा

*

नांदेड,
१५ नोव्हेंबर

ती. मामांस,

पासवर्ड पोस्टाने पाठवतात का मामा! पत्र हातात पडल्याबरोबर बदलला. नवा तुम्हाला भेटल्यावर कानात सांगेन.

ट्रस्टला द्यायची हकीकत तुम्ही लिहून पाठवलीत ती वाचली. पहिली ओळ 'मी गुन्हेगार आहे' अशी आहे. ती मी काढली. पुढे जिथे जिथे 'माझ्या घमेंडीमुळे' लिहिलंय, तेही काढलं. रागावू नका, ही आमच्यातली रीत आहे. काही कोसळलं की सगळे बसून लिहितो, पण 'कुणी केलं' हे लिहीत नाही, 'कसं झालं' ते लिहितो. माणसाला दोषी ठरवलं की सगळे सुटकेचा श्वास टाकून घरी जातात, आणि 'पाठवला' हे हिरवं अक्षर तसंच राहतं. उद्या तुमच्या जागी दुसरा बसला तरी त्यालाही ते हिरवंच दिसणार.

म्हणून मी असं लिहिलंय: पडदा 'पाठवला' म्हणत होता, आणि तो खरं सांगतो असं सगळे धरून चालले. दाता न येण्याला दिवाळीचं कारण तयार होतं. सूचना अशा ठिकाणी येत होत्या जिथे कुणी बघत नव्हतं. धोक्याबद्दल सप्टेंबरात लिहिलं गेलं होतं, पण लिहिणाऱ्या व्यक्तीने ते मामांनाच लिहिलं, ट्रस्टला कळवलं नाही, कारण मामांना वाईट वाटलं असतं. हे शेवटचं माझ्याबद्दल आहे. तिथेही नाव नाही.

आता पुढचं. नवं मशीन रक्तपेढीतच ठेवू, एक नक्कल नांदेडला. दाता निवडायचा तुमचा भाग जसाच्या तसा घेतलाय, एक ओळ बदलली नाही. भोवतालचं सगळं नवीन. मेसेज पोचल्याचं उत्तर आल्याशिवाय पडद्यावर 'पाठवला' येत नाही, आणि दोन तासांत उत्तर नाही आलं तर चार फोन वाजतात. चौथा नंबर कुणाचा ते सांगते. बजरंगरावांचा. त्यांनी मागून घेतला. महिन्यातून एकदा मुद्दाम बंद करून बघणार. किल्ली तिघांकडे.

ऋतुजाचं हृदय थोडं मोठं झालंय. औषधं चालू आहेत. धावायचं नाही असं सांगितलंय. पुढची पाळी डॉक्टरांनी या वेळी दोन आठवड्यांनीच लावली होती, रक्त वेळेवर मिळालं, तिने मेसेज मला दाखवला.

जुनी पेटी येळवसला बंद करू, १९ डिसेंबरला. त्या दिवशी पाळ्या लावायच्या नाहीत हा तुमचाच नियम प्रोग्रॅममध्ये सापडला. तोपर्यंत नवीजुनी दोन्ही शेजारी शेजारी चालू देत, उत्तरं ताडून बघू.

बटण तुम्हीच दाबा. मला येता येणार नाही, त्या दिवशी कामावर माझी पाळी आहे. पण आजीला खोलीत असू द्या. का ते विचारू नका.

दामिनी

*

लातूर,
२० डिसेंबर

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

काल येळवस झाली. रान चांगलं आहे, ज्वारी छातीला लागते. कडब्याच्या कोपीपुढे भज्जी-आंबिल वाढली. मी आंबिल दोनदा घेतली. बजरंग आणि ऋतुजाला बोलावलं होतं, आले होते. पोरं बांधावरून धावत होती. ऋतुजा मामीजवळ बसून बाजरीचे उंडे मोजत होती.

आता सकाळचं सांगतो. टेम्पो दारात लागला. सगळे चढले, टोपल्या चढल्या. आई दर येळवसला मागे राहते, "दिवा लावून येते, व्हा म्होरं" म्हणून, आणि मी बाहेर हॉर्न वाजवत बसतो. या वेळी मीही मागे राहिलो. खोलीत आम्ही दोघंच. पेटीवर खंडेनवमीचं कुंकू अजून होतं.

तू लिहून दिलं होतंस तसं सगळं केलं. सगळी नोंद नव्या मशीनवर गेलीय हे दोनदा पाहिलं. मग बटणावर बोट ठेवलं आणि ते दाबवेना.

आई मागे उभी होती. म्हणाली, "आरं, एवढं घाबरायचं काय त्यात? दाब आन् धरून ठीव. हिरवा दिवा गेला की सोड. मधीच सोडलास तर परत चालू हुती ती."

मी तसाच वळलो. "तुला गं काय माहीत?"

"मला न्हाई ठावं तर कुणाला?" म्हणाली. "दर येळवसला मीच की करती. बैलाला पोळा हाय, रानाला येळवस हाय. हिला कोण देतंय एक दिवस? ल्योक माझा बारा म्हैने हिला राबवतो. माणूस दमलं तर सांगतंय, ही बिचारी सांगत बी न्हाई. म्हणून तुमी टेम्पोत बसला की निजवायची, आन् आल्यावर दिव्याच्या टायमाला उठवायची. दामिनीनं कशात तरी बघून वळखलं. तिला म्या शपथ घातली, मामाला सांगू नको, त्येला लई लागंल."

मग तिनेच माझं बोट बाजूला केलं आणि बटण दाबून धरलं. हिरवा दिवा गेला. पंखा थांबायला थोडा वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं, ती थांबली.

रानातून आल्यावर तू नव्या मशीनवर उतरवून ठेवलेल्या पेटीच्या जुन्या नोंदी उघडून बसलो. गेल्या येळवसपासून मागे मागे गेलो, पहिल्या वर्षापर्यंत. प्रत्येक येळवसला पेटी सकाळी बंद झालेली आहे आणि दिवेलागणीला चालू.

मामा